भरल्या कोठारांचा पेच : हेन्री वॉलेस

१९३३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या राज्यांत एक विलक्षण दृश्य दिसत होते. उभ्या कपाशीत शेतकरी नांगर घालीत होते. पिकावर कीड पडली नव्हती, टोळधाड आली नव्हती; उलट पीक चांगले आले होते. जन्मभर ओळीवर पाय न देण्याची शिस्त लागलेली खेचरे पिकावरून चालायला तयार होईनात. जनावराला जे कळते ते राजधानीतल्या शहाण्यांना कळत नाही, अशी थट्टा तेव्हा गावोगाव झाली. अशा रीतीने एक कोटी एकरांहून अधिक कपाशी मोडली गेली आणि मोडणाऱ्याला सरकारने रोख पैसे दिले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुमारे साठ लाख डुकरे, त्यांतली बहुतेक लहान पिले, सरकारने विकत घेऊन मारविली. शहरांत त्या वेळी पावासाठी रांगा लागत होत्या.

हे ज्यांच्या खात्याने घडवून आणले ते कृषिमंत्री म्हणजे हेन्री ॲगार्ड वॉलेस. १९३३ ते १९४० पर्यंत ते अमेरिकेचे कृषिमंत्री आणि १९४१ ते १९४५ पर्यंत उपाध्यक्ष होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘न्यू डील’वर एखादे प्रकरण असते. त्यात रूझवेल्ट यांचे नाव ठळकपणे येते आणि वॉलेस यांचे ओझरते. परंतु सरकारने शेतकऱ्याला पैसा द्यावा काय, द्यायचा तर तो नेमका कोणाच्या हातावर ठेवायचा, आणि पीक उदंड आले तर त्याचे करायचे काय, हे जे प्रश्न आजही सुटलेले नाहीत, त्यांवरचा पहिला अवाढव्य प्रयोग या माणसाने केला. या प्रयोगात त्यांच्या हातून एक मोठा अन्यायही झाला. तो झाकून ठेवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

वॉलेस यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८८ रोजी आयोवा राज्यातील ओरिएंट या गावाजवळच्या एका शेतावर झाला. घराणे शेतीचे आणि लेखणीचे. आजोबांचे नावही हेन्रीच. ते आधी धर्मोपदेशक होते, पुढे प्रकृतीमुळे ते काम सोडून शेतीकडे आणि शेतीविषयक वृत्तपत्राकडे वळले. १८९५ पासून आजोबा आणि मुलगे मिळून ‘वॉलेसेस फार्मर’ हे पत्र चालवू लागले. मध्यपश्चिमेकडच्या शेतकरी घरांत ते पत्र धार्मिक ग्रंथाच्या शेजारी ठेवले जाई म्हणतात. वडील हेन्री कँटवेल वॉलेस हे एम्स येथील कृषी महाविद्यालयात शिकवीत. त्याच महाविद्यालयात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा गुलामगिरीत जन्मलेला निग्रो विद्यार्थी वनस्पतिशास्त्र शिकत होता आणि पुढे शिकवीतही होता. पाच-सहा वर्षांच्या हेन्रीला तो रानात फिरायला नेई, गवताची जात ओळखायला शिकवी आणि फुलातले पराग व केसर दाखवी. हा कार्व्हर पुढे भुईमुगावरील संशोधनामुळे जगप्रसिद्ध झाला. वनस्पतींचे जे वेड वॉलेस यांना मरेपर्यंत सोडून गेले नाही, त्याचे बी या भटकंतीत पडले.

त्या काळी आयोवात मक्याची प्रदर्शने भरत. कणीस लांबट, दाण्यांच्या ओळी सरळ, टोक नीट भरलेले, असे पाहून परीक्षक बक्षीस देत आणि शेतकरी त्याच कणसाचे बियाणे धरीत. या प्रदर्शनांचे सर्वांत मोठे अधिकारी होते प्राध्यापक पेरी होल्डन. सोळा वर्षांच्या हेन्रीला प्रश्न पडला, की देखणे कणीस जास्त पिकते हे कोणी मोजून पाहिले आहे काय? होल्डन यांनी त्याला परीक्षणातली काही कणसे देऊन स्वतःच पाहायला सांगितले. त्याने घराजवळच्या तुकड्यात प्रत्येक कणसाचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरले, राखले आणि हंगामाच्या शेवटी तोलून पाहिले. ज्या कणसाला पहिला मान मिळाला होता, त्याचे उत्पन्न तळाच्या कणसांत निघाले. मिसरूड न फुटलेल्या पोराने तराजूच्या जोरावर राज्यातल्या सर्वांत मोठ्या मकातज्ज्ञाला खोटे पाडले. पुढे अर्थशास्त्र असो की राजकारण, मोजल्याशिवाय मानायचे नाही हा त्यांचा बाणा राहिला. (माणसांच्या बाबतीत मात्र हा तराजू त्यांनी अनेकदा घरी ठेवला. ते पुढे येईल.)

१९१० साली एम्स येथून पदवी घेऊन ते घरच्या पत्रात काम करू लागले. डुकरांचा भाव आणि मक्याचा भाव यांचे नाते काय, पाऊस आणि उत्पन्न यांचे नाते काय, असल्या प्रश्नांसाठी संख्याशास्त्र लागत होते, म्हणून ते त्यांनी पुस्तके वाचून स्वतःच शिकून घेतले. १९२० मध्ये शेतमालाच्या भावांवर त्यांचे पुस्तक निघाले. १९२४ मध्ये तर एम्सच्या प्राध्यापकांनाच दर शनिवारी सहसंबंधाचे गणित शिकवायला ते जात. त्यातूनच जॉर्ज स्नेडेकर यांच्यासमवेत लिहिलेली पुस्तिका १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्नेडेकर हे नाव ‘एफ’ चाचणीच्या कोष्टकामुळे परिचित असेल. ज्याच्याजवळ नुसती पहिली पदवी आहे असा एक संपादक प्राध्यापकांचा वर्ग घेतो आणि प्राध्यापक मुकाट्याने खाली बसून शिकतात, हे चित्र मला फार आवडते.

याच सुमारास ते मक्याचा संकर करीत होते. मक्याचे वाण अनेक पिढ्या स्वपरागणाने वाढविले की ते खुरटे होत जातात. पण अशा दोन खुरट्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोमदार ताटे उभी राहतात. त्यांच्या ‘कॉपर क्रॉस’ या वाणाला १९२४ च्या आयोवातील उत्पादन-स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९२६ मध्ये त्यांनी संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढली, तीच पुढे ‘पायोनियर’ नावाने जगभर पसरली. या बियाण्यात एक खोच होती. दुसऱ्या पिढीत जोम घटतो, म्हणून शेतकऱ्याला बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. शेतकरी स्वतःच्या कणगीतले बी पेरतो, हा हजारो वर्षांचा क्रम या एका शोधाने मोडीत निघायला प्रारंभ झाला.

आता भावांकडे वळू. पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य पुरविण्यासाठी अमेरिकन शेतकऱ्याने कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या आणि कुरणे नांगराखाली आणली होती. १९२० साली भाव कोसळले. कर्ज मात्र जिथल्या तिथे राहिले. वॉलेस यांचे वडील १९२१ पासून कृषिमंत्री होते. त्यांनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न सरकारने हाती घ्यावा म्हणून खटपट केली, पण व्यापारमंत्री हूव्हर यांचा तिला विरोध होता. १९२४ मध्ये वडील पदावर असतानाच वारले. मुलाच्या मनात हे शल्य कायमचे राहिले. देशांतर्गत भाव उंच राखून उरलेला माल परदेशात स्वस्त विकावा अशा आशयाचे मॅक्नरी-हॉगन विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केले, आणि अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ व १९२८ मध्ये दोन्ही वेळा ते नाकारले. वॉलेस घराणे पिढीजात रिपब्लिकन. परंतु १९२८ पासून हेन्री विरुद्ध पक्षाच्या बाजूने उभे राहिले.

१९२९ च्या मंदीने तर शेतकरी पुरता बुडाला. १९३२ च्या हिवाळ्यात आयोवात मक्याचा भाव इतका पडला, की कोळसा विकत घेण्यापेक्षा मका जाळणे स्वस्त पडू लागले. लोक रस्ते अडवून दूध ओतून देऊ लागले. गहाण जमिनींचे लिलाव शेजारी जमून हाणून पाडू लागले. एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स या गावी जप्तीचे हुकूम थांबवीत नाही म्हणून एका न्यायाधीशाला जमावाने कोर्टातून ओढून बाहेर नेले आणि गळ्यात दोरही अडकविला. तो जिवानिशी सुटला एवढेच. वॉलेस मंत्री होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

१२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. १९०९ ते १९१४ हा काळ शेतकऱ्याला बरा गेला होता, असे धरले गेले. त्या काळी एक बुशेल मका विकून जेवढे कापड किंवा जेवढी अवजारे घेता येत, तेवढीच आजही घेता आली पाहिजेत. या हिशोबाने जो भाव निघेल तो समतुल्य भाव. आपल्याकडे उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी होते. ही कल्पना तिच्याहून वेगळी आहे. तिच्यात खर्च मोजलेला नाही. शेतमालाची बाजारातली क्रयशक्ती मोजली आहे. भाव तिथवर नेण्यासाठी उत्पादन कमी करायचे. जो शेतकरी करार करून काही क्षेत्र पेरायचे सोडील, त्याला सरकार पैसे देईल. आणि तो पैसा गिरणीवाले, कत्तलखाने वगैरे माल प्रक्रियेला घेणाऱ्यांवर कर बसवून उभा राहील. गहू, कापूस, मका, डुकरे, भात, तंबाखू आणि दूध अशा सात वस्तू आरंभी या कायद्यात आल्या. निपाणी भागातल्या वाचकांना तंबाखूच्या भावाची गोष्ट निराळी सांगायला नको. १९८१ चे आंदोलन आणि त्या वेळचा गोळीबार अजून पुष्कळांच्या आठवणीत आहे.

कायदा होईतो कपाशी पेरून झाली होती आणि डुकरिणी व्यायला होत्या. म्हणून पहिल्या वर्षी पेरणी टाळणे शक्यच नव्हते. नाश करणे एवढाच उपाय उरला. वॉलेस यांना तो पसंत नव्हता. अन्नाचा नाश करावा लागणे हा आपल्या संस्कृतीच्या शहाणपणावरचा डाग आहे, असेच त्यांचे मत होते. तथापि कारखानदार मंदीत यंत्रे थांबवितो, कामगार घरी बसवितो, तेव्हा त्याला कोणी पापी म्हणत नाही. शेतकऱ्याने तेच केले तर मात्र सारे चिडतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. मारलेल्या डुकरांपैकी मोठ्यांचे खारवलेले मांस सुमारे दहा कोटी पौंड निघाले आणि ते गरिबांना वाटले गेले. पण लहान पिलांचे खत आणि चरबीच झाली. हे लोक कधीही विसरले नाहीत. वॉलेस यांच्या नावामागे डुकरांची पिले शेवटपर्यंत लागली होती.

भाव चढले. १९३४ च्या अवर्षणाने ते आणखी चढविले, हेही खरे. किंबहुना त्या वर्षी निसर्गाने जेवढे पीक बुडविले तेवढे सरकारला कधीच बुडविता आले नसते. शेतकऱ्याच्या हातात पैसा दिसू लागला, लिलाव थांबले, गळ्यात दोर अडकविणारे जमाव पांगले.

पण पैसा कोणत्या शेतकऱ्याच्या हातात दिसू लागला? इथे आपण वॉलेस यांच्या चरित्रातल्या सर्वांत अवघड जागी येतो. आयोवात जमीन कसणारा बहुधा आपल्या शेताचा कर्ता होता. दक्षिणेत तसे नव्हते. तिथे मोठे मळेवाले होते आणि त्यांच्या जमिनी अर्धेलीने कसणारी लाखो कुटुंबे होती, काही काळी, काही गोरी, आणि सगळी कर्जबाजारी. कपाशीचा करार सरकारने केला तो मळेवाल्याशी. पैशाचा मोठा वाटा त्याला. कुळाचा वाटा लहान, आणि तोही पुष्कळदा मालकाच्या हातून, म्हणजे आधीच्या उधारीत वळता होऊन. शिवाय क्षेत्र कमी केले की तेवढी कुळे लागत नाहीत. सरकारी पैशाने ट्रॅक्टर घ्यावा आणि कुळाला झोपडीतून बाहेर काढावे, असे सुरू झाले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा येथे अकरा गोरे आणि सात काळे वाटेकरी एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणेतील कुळांची संघटना काढली. त्या प्रदेशात त्या काळी काळ्या-गोऱ्यांनी एका खोलीत बसणे हेच केवढे धाडस होते!

वॉलेस यांच्या खात्यात काही तरुण वकील होते. त्यांचे प्रमुख जेरोम फ्रँक. करारात कुळे न हलविण्याचे एक कलम होते. त्याचा अर्थ तीच माणसे ठेवली पाहिजेत असा आहे, नुसती तेवढी डोकी भरून चालणार नाही, असा निर्णय फेब्रुवारी १९३५ मध्ये या वकिलांनी काढला. प्रशासक चेस्टर डेव्हिस खवळले. हे वकील राहतील नाही तर मी राहीन, असा पेच त्यांनी मंत्र्यांपुढे टाकला. सिनेटमधल्या बहुमताचे नेते रॉबिन्सन हे आर्कान्साचेच, कृषी समितीचे अध्यक्ष स्मिथ हे दक्षिण कॅरोलिनातले. त्यांची मते गेली तर सगळा कार्यक्रम कोसळेल हे उघड होते. वॉलेस यांनी डेव्हिस यांची बाजू घेतली. फ्रँक आणि त्यांचे सहकारी काढले गेले, तो अर्थ रद्द झाला, आणि कुळे निघतच राहिली.

कोणी म्हणतील, व्यवहार पाहता दुसरे करता काय आले असते? कदाचित काही नाही. पण ज्याने सोळाव्या वर्षी नावाजलेल्या कणसापेक्षा तराजूवर विश्वास ठेवला, त्याने या वेळी तराजूकडे पाठ फिरविली, असे मला वाटते. आपल्याकडेही उताऱ्यावर ज्याचे नाव त्याला अनुदान, त्यालाच नुकसानभरपाई आणि त्यालाच सोसायटीचे कर्ज. तोंडी कराराने कसणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते. जमिनीच्या मापाने पैसा वाटला की तो जमिनीमागे जातो आणि घाम गाळणारा बाजूला उभा राहतो. हे कोणा दुष्टाचे कारस्थान असावे लागत नाही, योजनेच्या घडणीतच ते असते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये रेक्सफर्ड टगवेल यांच्याबरोबर वॉलेस यांनी दक्षिणेचा दौरा केला, कुळांच्या झोपड्यांत स्वतः जाऊन पाहिले आणि ते हादरले. १९३७ मध्ये कुळांना जमीन विकत घेण्यासाठी कर्ज देणारा कायदा झाला आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांच्या खात्यात स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिने काम चांगले केले. पण तिच्या वाट्याला आलेला पैसा मळेवाल्यांना मिळालेल्या पैशापुढे किरकोळ होता, आणि तोवर हजारो कुटुंबे रस्त्याला लागली होती.

दरम्यान ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरविला. शेतीचे नियमन हा राज्यांचा विषय आहे, त्यासाठी एकापासून कर घेऊन दुसऱ्याला देता येणार नाही, असा निकालाचा आशय. वॉलेस यांच्या माणसांनी दोन महिन्यांच्या आत नवी वाट काढली. २९ फेब्रुवारीला झालेल्या नव्या कायद्यात पैसा द्यायचा तो जमिनीची धूप थांबविण्यासाठी. कापूस, मका, गहू ही जमिनीचा कस खाणारी पिके. त्यांच्याऐवजी गवत आणि द्विदल पिके घेणाऱ्याला पैसे. उद्देश तोच, कारण दुसरे. पण ते कारण खोटे नव्हते. मध्यभागातल्या राज्यांतून त्या वर्षांत धुळीची वादळे उठत होती, आणि कसदार मातीचे ढग पार वॉशिंग्टनवरून समुद्राकडे गेलेले लोकांनी पाहिले होते.

वॉलेस यांची सर्वांत लाडकी कल्पना मात्र निराळीच होती, आणि ती आली होती चीनमधून. चेन हुआन-चांग या चिनी विद्यार्थ्याने कोलंबिया विद्यापीठात कन्फ्यूशियसच्या अर्थविचारांवर लिहिलेला प्रबंध १९११ मध्ये छापला गेला होता. तो वॉलेस यांच्या वाचनात आला. सुगीला धान्य स्वस्त होते तेव्हा राज्याने ते घ्यायचे, टंचाईत भाव चढतात तेव्हा विकायचे. असे समतोल कोठार चीनमध्ये हान राजवटीपासून होते. धार्मिक घरात वाढलेल्या वॉलेस यांना बायबलमधल्या योसेफाची सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षेही पाठ होतीच. ऑक्टोबर १९३३ मध्ये निघालेल्या पतमंडळाने मक्यावर बुशेलला ४५ सेंट कर्ज द्यायला सुरुवात केली. भाव वर गेला तर शेतकऱ्याने मका विकून कर्ज फेडावे, खाली गेला तर मका सरकारच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे. १९३८ च्या कायद्याने ही पद्धत पक्की केली. आपल्याकडे १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. राखीव साठा आणि हमीभाव या जोडीचे कूळ याच विचारात सापडते.

कोठारे भरली तेव्हा ती गरिबापर्यंत पोचविण्याची युक्तीही त्यांच्याच खात्याने काढली. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अन्नाची तिकिटे सुरू झाली. एक डॉलरची नारिंगी तिकिटे घेतली की अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे फुकट. निळ्या तिकिटांवर सरकारने जादा ठरविलेले जिन्नस नेहमीच्या दुकानातून घ्यायचे. त्यामुळे वाण्याचा धंदा बुडत नव्हता आणि घेणाऱ्याला भिकेच्या रांगेत उभे राहावे लागत नव्हते. १९४३ मध्ये ही योजना बंद पडली, साठीच्या दशकात पुन्हा सुरू झाली. डुकरांची पिले मारणाऱ्या मंत्र्याच्या नावावर ही जमाही मांडली पाहिजे.

आता गंमत पाहा. एका हाताने वॉलेस क्षेत्र कमी करीत होते; दुसऱ्या हाताने त्यांनीच पेरलेले संकरित बियाणे उत्पन्न वाढवीत होते. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या मक्याच्या क्षेत्रापैकी शेकडा एकही क्षेत्र संकरित वाणाखाली नव्हते. दहा वर्षांत आयोवात जवळजवळ सर्वत्र तेच दिसू लागले. शेतकरी हुशार. तो हलकी जमीन पड टाकून सरकारचे पैसे घेई आणि चांगल्या जमिनीत नवे बियाणे व खत घालून पूर्वीइतकेच किंवा जास्त पिकवी. एकर मोजता येत होते, बुशेल आवरता येत नव्हते. १९३९ पर्यंत कोठारे ओसंडू लागली. दुसरे महायुद्ध आले म्हणून तो साठा कामी आला आणि वॉलेस दूरदर्शी ठरले. युद्ध न येते तर काय म्हटले गेले असते, ते सांगणे नको.

१९४० मध्ये ते उपाध्यक्षपदी निवडून आले आणि शपथ घेण्यापूर्वीच स्वतःची मोटार चालवीत मेक्सिकोला गेले. नवे राष्ट्राध्यक्ष आव्हिला कामाचो यांच्या पदग्रहणासाठी हा दौरा होता. परंतु वाटेत ते शेतांच्या कडेला उतरत, स्पॅनिशमध्ये शेतकऱ्यांशी बोलत. आयोवात एक बुशेल मक्याला दहा तास श्रम लागत असतील तर इथे दोनशे लागतात, असा त्यांनी हिशोब काढला. परतल्यावर १९४१ च्या आरंभी त्यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रमुखांना सांगितले, की या देशात मका आणि घेवडा यांचे उत्पन्न वाढवाल तर दुसऱ्या कोणत्याही मदतीपेक्षा ते मोलाचे होईल. १९४३ मध्ये तेथे संशोधन सुरू झाले. पुढच्या वर्षी नॉर्मन बोरलॉग नावाचा आयोवाचाच एक तरुण तिथे रुजू झाला.

पुढचे राजकारण थोडक्यात उरकतो, कारण त्यात वॉलेस यांचे फारसे चांगले दर्शन होत नाही. माणसे पारखण्यात ते कच्चे होते. निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराच्या ते इतके भजनी लागले होते, की त्यांना ‘गुरू’ म्हणून पत्रे लिहीत. १९३४ मध्ये तर अवर्षणात तगणारी गवते शोधण्याच्या सरकारी मोहिमेवर त्यांना मांचुरिया-मंगोलियाकडे धाडले. प्रकरण अंगाशी आले तेव्हा संबंध तोडला. हेच रोरिक आपल्या कुलू खोऱ्यात नग्गर येथे राहत आणि १९४७ मध्ये तेथेच वारले. १९४४ मध्ये वॉलेस सैबेरियात गेले. कोलिमा भागातल्या कैद्यांच्या छावण्या त्यांच्यापासून झाकून ठेवल्या गेल्या आणि ते सर्व काही छान पाहून परत आले. त्याच वर्षीच्या पक्षाच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत पुढे असूनही उपाध्यक्षपदाची उमेदवारी ट्रुमन यांच्याकडे गेली. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले. तीन महिन्यांच्या फरकाने अमेरिकेचे अध्यक्षपद हुकले. ट्रुमन यांच्या मंत्रिमंडळातूनही सप्टेंबर १९४६ मध्ये रशियाविषयक धोरणावरून त्यांना काढण्यात आले.

१९४८ मध्ये ते तिसऱ्या पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे राहिले आणि शेकडा अडीच मतेही त्यांना मिळाली नाहीत. पण त्या प्रचारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दक्षिणेत काळे आणि गोरे वेगवेगळे बसविलेल्या सभेत मी बोलणार नाही, असे त्यांनी ठरविले आणि ते पाळले. त्याच कापसाच्या मुलखात त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले गेले. १९३५ साली ज्या मतदारसंघांना सांभाळण्यासाठी त्यांनी कुळांची बाजू सोडली होती, त्यांनाच तेरा वर्षांनी त्यांनी उघड अंगावर घेतले. तेव्हा त्यांच्या हातात सत्ता नव्हती, हेही नोंदवून ठेवू. १९५२ मध्ये रशियाविषयी आपण चुकलो होतो अशी कबुली त्यांनी लेख लिहून दिली.

शेवटची वर्षे न्यूयॉर्क राज्यातील साऊथ सेलम येथील शेतावर गेली. पहाटे उठून मक्याच्या ओळींत, कोंबड्यांच्या खुराड्यांत, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत त्यांचा दिवस सुरू होई. स्ट्रॉबेरीची शेकडो रोपे ते चाखून पाहत आणि नापसंत असेल ते उपटून टाकीत. जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांची संकरित जात त्यांच्याच कंपनीने आणली. आपण मंत्री नसतो तर यापेक्षा जास्त काम झाले असते काय, याचा विचार त्या वाफ्यांत बसून त्यांनी केला असेल काय, कोण जाणे. स्नायू निकामी करणाऱ्या एका दुर्धर आजाराने त्यांना गाठले, आणि स्वतःच्या ढासळत्या शरीराच्या नोंदी ते डॉक्टरांसाठी ठेवीत. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळातला १९३८ चा कायदा मात्र गेला नाही. नंतरचा प्रत्येक शेतीकायदा ठराविक वर्षांपुरता असतो; त्याची मुदत संपली आणि नवा झाला नाही, तर १९३८ आणि १९४९ चे जुने कायदे आपोआप डोके वर काढतात. आणीबाणीत चार दिवसांसाठी उभारलेला मांडव असा कायमचा होऊन बसला.

त्यांच्या मृत्यूनंतरचे वर्ष म्हणजे आपल्याकडचे लागोपाठ दुसरे दुष्काळी वर्ष. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे आणि रुपयांत मोल घेऊन दिलेले. हमीच्या कर्जावर सरकारच्या गळ्यात पडून साचलेले धान्य बाहेर काढण्यासाठी १९५४ मध्ये केलेल्या कायद्याखाली ते येत असे. रेशनच्या दुकानातला तो लाल गहू आणि तांबडी मिलो आमच्या आधीच्या पिढीला चांगली आठवते, आणि ती आठवण गोड नाही. त्याच वर्षी बंदरात आणखी एक माल उतरला. मेक्सिकोत बोरलॉग यांनी तयार केलेल्या लर्मा रोहो आणि सोनोरा या ठेंगण्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे. ते खाण्यासाठी नव्हते. पंजाब, हरियाणाकडच्या शेतांत रब्बीच्या पेरणीला गेले.